पिस्तुलाचा भरवसा कुणी आणि कसा ठरवायचा?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, एफ. ई. वॉरन नावाच्या हवाई दलाच्या तळावर एम१८ पिस्तुलाची गोळी लागून एक तरुण जवान गेला, आणि तेव्हापासून आपल्याकडचीही रेंजवर जाणारी, लायसन्सवाली, बंदुकांबद्दल वाचणारी मंडळी दोन गटांत भांडतायत. एक गट म्हणतो बघा, आम्ही कधीचे सांगत होतो, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, म्हणजे गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरणारं, ते पाहिजे तेव्हा अडकणार आणि नको तेव्हा उडणार, खरं हत्यार म्हणजे फिरत्या सिलिंडरचं रिव्हॉल्वरच. दुसरा गट म्हणतो बंदूक स्वतःहून कधीच उडत नाही, हातात ज्याच्या होती त्याचीच चूक, विषय संपला. मला दोन्ही गट चुकीचे वाटतात, आणि हा नुसता छंदाचा वाद नाहीये कारण यावरून लोक लाखो रुपये घालून हत्यार घेतात, पोलिसांसाठी खरेदी होते आणि उद्या कुणाचा तरी जीव त्यावर अवलंबून असतो. माझं म्हणणं असं की चांगल्या बनावटीचं आणि नीट तपासलेलं पिस्तूल आज रिव्हॉल्वरइतकंच भरवशाचं आहे, काही बाबतीत जास्तच. पण तो भरवसा कंपनीच्या नावावर मिळत नाही, "सेमी-ऑटो" या प्रकाराला म्हणूनही मिळत नाही. ठरावीक मॉडेल, ठरावीक मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) आणि ठरावीक काडतूस हे एकत्र तपासून तो कमवावा लागतो, आणि यातली एक गोष्ट बदलली की परत कमवावा लागतो.

आधी रिव्हॉल्वरवाल्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाहीये. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्वरमध्ये फक्त परत चाप ओढायचा, पुढचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायचं घर, नळीसमोर येतं, बास. पिस्तुलात तेच फुसकं काडतूस हाताने स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून बाहेर काढावं लागतं आणि त्याला दुसरा हात मोकळा लागतो. रिव्हॉल्वरला काडतुसाच्या ताकदीची गरज नसते, ते बोटाच्या जोरावर फिरतं, पिस्तूल मात्र प्रत्येक गोळीच्या धक्क्यावर चालतं, त्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस चेंबरमध्ये ढकलते. हे सगळं एका सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं, त्यामुळे काडतूस कमी ताकदीचं असेल, मनगट ढिलं असेल, मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, जरा वाकलेले असतील तर साखळी तुटते. झटापटीत नळी समोरच्याच्या अंगावर दाबली गेली तर बऱ्याच पिस्तुलांची स्लाइड किंचित मागे सरकते आणि चाप ओढला तरी गोळी सुटत नाही, रिव्हॉल्वरला हा त्रास नाही. आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणारं हत्यार असेल, घरात कुणाच्या हातात स्लाइड ओढायची ताकद नसेल, तर रिव्हॉल्वर घ्या असं मीसुद्धा सांगेन.

पण "रिव्हॉल्वर अडकत नाही" हे मात्र खरं नाही. जोरदार काडतुसात गोळी नीट आवळलेली नसेल तर बाकीच्या फैरींच्या धक्क्याने ती पुंगळीतून पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचंच थांबतं. काडतुसाच्या बुडाचा प्रायमर, म्हणजे घाव बसला की पेटणारी टोपी, नीट खोल बसलेला नसेल तरी तेच. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली जळक्या दारूचे कण किंवा एखादी पुंगळी अडकली तर सिलिंडर बंद होत नाही, इजेक्टरचा दांडा ढिला झाला तर ते उघडत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक पुढे आहे, पिस्तूल अडकलं तर बहुतेक वेळा मॅगझिनच्या बुडावर तळहात मारून स्लाइड जोरात ओढली की दोन-तीन सेकंदांत ते परत चालू होतं, हे शिकवता येतं, रोज घटवून घेता येतं. रिव्हॉल्वर खरोखर अडकलं तर ते त्या प्रसंगापुरतं संपलं, पुढचं काम टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या माणसाचं. मग कमी वेळा पण कायमचं अडकणारं चांगलं की जास्त वेळा पण लगेच सुटणारं चांगलं? नुसतं "किती वेळा अडकतं" एवढंच मोजणारा माणूस हा प्रश्न विचारतच नाही.

आणि हत्यार न अडकता रिकामं झालं तर त्याला काय म्हणायचं? एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे हायवे पेट्रोलचे चार पोलीस एका रात्री काही मिनिटांत मारले गेले, त्यातला एक जण रिव्हॉल्वरमध्ये एकेक काडतूस भरत असताना मारला गेला. त्याचं रिव्हॉल्वर अगदी व्यवस्थित चाललं होतं, सहाच्या सहा गोळ्या सुटल्या होत्या. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात दोन एजंट गेले, आणि हाताला गोळी लागलेल्या एका एजंटला आपलं रिव्हॉल्वर परत भरताच आलं नाही. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला पाहिजे की त्याच चकमकीत मेलेल्या एका एजंटचं ९ एमएम पिस्तूल शत्रूची गोळी त्यावरच लागल्यामुळे निकामी झालं होतं, त्यामुळे पिस्तुलं असती तर सगळे वाचले असते असलं सोपं गणित कुणी मांडू नये, मीही मांडत नाही. पण अमेरिकन पोलिसांनी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रिव्हॉल्वर सोडलं ते फॅशन म्हणून नाही सोडलं. सहा गोळ्यांनंतर थरथरत्या हातांनी करायचं बारीक काम हा त्या हत्याराचा नेहमीचा ठरलेला अडथळा होता, फक्त तो जॅम म्हणून कुणाच्या वहीत लिहिला जात नव्हता.

मग पिस्तुलाची "अडकतं" ही बदनामी आली कुठून? आपल्याकडे तरी ती बरीचशी अशा हत्यारांवरून आलीये ज्यांच्याकडून भरवशाची अपेक्षाच करू नये. पेपरात आपण वाचतो की हल्लेखोराचं पिस्तूल ऐन वेळी अडकलं म्हणून अमुक जण वाचला, पुढे बातमीत लिहिलेलं असतं की ते गावठी पिस्तूल होतं. दुकानात कानशीने घासून केलेली स्लाइड, कुठल्याही पत्र्याचं मॅगझिन, त्यावरून एका अख्ख्या यंत्रप्रकाराचं मत बनवायचं? दुसरा स्रोत म्हणजे जुनी विलायती पिस्तुलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी लोकांसाठी हँडगनची आयात जवळपास बंद आहे, त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पिस्तुलं आपल्याकडे हातोहात फिरत असतात, तीही अफाट किमतीला, आणि त्यांची रिकॉइल स्प्रिंग, मॅगझिनची स्प्रिंग आजोबांच्या काळातली असते. स्प्रिंग ही बदलायची वस्तू आहे हे कितीतरी मालकांना कुणी सांगितलेलंच नसतं. तिसरी गोष्ट काडतुसाची. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारमध्ये सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रांच्या अंत्यसंस्कारात पोलिसांनी मानवंदनेसाठी रायफली वर केल्या आणि एकही उडाली नाही. लोकांनी पोलिसांच्या बंदुकांची चेष्टा केली, पण जरा विचार करा, ओळीतल्या सगळ्या रायफली एकाच मिनिटाला बिघडतील का, की संशय आधी त्या सगळ्यांत भरलेल्या काडतुसांवर जायला पाहिजे? नाव मात्र बंदुकीचं खराब झालं.

इतिहासात मागे गेलं तर हा वाद शंभर वर्षांपूर्वी जास्त शहाणपणाने सोडवला गेला होता असं मला वाटतं. १९०७ साली अमेरिकन लष्कराने पिस्तुलांच्या चाचण्या घेतल्या तेव्हा जॉन ब्राउनिंग या बंदूक-रचनाकाराचं कोल्ट कंपनीचं पिस्तूल काही निर्दोष नव्हतं, ते अडकलं, त्यात खोट निघाली. लष्कराने "ऑटोमॅटिक वाईट" असा निकाल दिला नाही आणि ब्राउनिंगचं नाव मोठं म्हणून पासही केलं नाही. काय बिघडलं ते लिहून दिलं, पिस्तुलं घोडदळाकडे वापरायला पाठवली, ब्राउनिंगने रचना बदलली, परत चाचणी, परत बदल, असं चार वर्षं चाललं. मग मार्च १९११ मध्ये शेवटची चाचणी झाली, सहा हजार गोळ्या, पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवून पुढे चालू. कोल्ट एकदाही अडकलं नाही, समोरचं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल सदतीस वेळा अडकलं. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिकच होती बरं का. म्हणजे एकाच प्रकारातली दोन यंत्रं, एकाच टेबलावर, एकाच दारूगोळ्यावर, आणि निकालात एवढा फरक, तेव्हा "सेमी-ऑटो भरवशाचं असतं का" हा प्रश्नच मुळात चुकीचा विचारलेला नाही का?

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तेच सहा हजार गोळ्या न अडकता खाणारं १९११ मॉडेल, त्यालाच नंतर अमेरिकेत नाजूक म्हणू लागले लोक. का, तर ते डिझाइन झालं होतं गोल नाकाच्या गोळीसाठी, आणि नंतरच्या काळात पोलीस आणि हौशी लोक त्यात पोकळ टोकाची, आखूड गोळी घालू लागले, ती चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर अडखळायची, शिवाय मॅगझिनं दहा कंपन्यांची. पिस्तूल तेच, रचना तीच, पण ज्या जोडीवर परीक्षा पास झाली होती ती जोडी मोडली. अमेरिकन लष्कराने १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल घेतलं, त्याआधीच्या चाचणीत ते आणि सिग कंपनीचं पी२२६ दोनच टिकली होती, म्हणजे कागदोपत्री उत्तम हत्यार. तरी दोन-तीन वर्षांत काही बेरेटांची स्लाइड तुटून मागचा तुकडा झाडणाऱ्याच्या तोंडावर आला. कंपनीचं बोट काडतुसांच्या जादा दाबाकडे, लष्कराचं धातूकडे, भांडण बरंच चाललं, पण काम अडलं नाही, हॅमरच्या, म्हणजे घोड्याच्या, पिनचं डोकं मोठं केलं म्हणजे स्लाइड तुटली तरी मागे उडून येऊ नये. तेच पिस्तूल पुढे तीस वर्षं चाललं. मला यातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते की दोष जाहीर झाल्यामुळे त्या पिस्तुलाची इभ्रत गेली नाही, उलट दोष जाहीर झाला म्हणून ते सुधारलं.

आता सिग कंपनीच्या पी३२० कडे येतो, म्हणजे ज्याची लष्करी रूपं एम१७ आणि एम१८ आहेत. लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये ते निवडलं. त्याच्या चाचणीच्या सरकारी अहवालात अडथळ्यांची मोठी संख्या दिसते आणि लोक ती नाचवतात, पण त्यातले निम्म्याहून जास्त अडथळे हे शेवटची गोळी संपल्यावर स्लाइड मागे न थांबण्याचे होते, कारण वर घट्ट पकड घेणाऱ्या नेमबाजाचा अंगठा स्लाइड रोखणाऱ्या खटक्यावर दाबला जायचा. गोळी सुटली नाही आणि गोळ्या संपल्याचं कळलं नाही, या दोन गोष्टी एकाच रकान्यात टाकून बेरीज करायची आणि मग त्यावर वाद घालायचा? पण तोच अहवाल आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती कंपनीचे चाहते वगळतात, पिस्तूल पडल्यावर स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर घाव घालणारा आतला भाग, प्रायमरवर आदळून ते उडू शकतं हे चाचणीत दिसलं होतं आणि त्यावरून लष्कराच्या पिस्तुलात आतले भाग हलके करून घेतले गेले. बाजारात विकल्या जाणाऱ्या पिस्तुलात मात्र तो बदल ऑगस्ट २०१७ मध्ये आला, तोही लोकांनी पिस्तूल पाडून केलेले व्हिडिओ बाहेर आल्यावर, आणि "ऐच्छिक अपग्रेड" अशा नावाने. पाडलं तर उडतं हे माहीत असलेलं हत्यार कमरेला लावून फिरणाऱ्याला ते सांगणं ऐच्छिक कसं असू शकतं?

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला पाहिजे जी या सगळ्या भांडणात कुणी करत नाही. हत्याराकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो, चाप ओढला की गोळी सुटलीच पाहिजे आणि चाप ओढला नाही तर कधीही सुटता कामा नये. पहिलीसाठी चाप हलका, स्प्रिंग जोरदार, भाग मोकळे लागतात, दुसरीसाठी मधे अडसर, जास्तीची कडी, जड चाप लागतो. एक वाढवताना दुसरी कमी होऊ शकते. रिव्हॉल्वरवाले पहिल्यावर बोलतात आणि दुसऱ्यावर गप्प बसतात. १९४४ साली अमेरिकन नौदलाच्या जहाजावर एक स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्वर लोखंडी डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी गेला. आतमध्ये अडसर होता, तो कमी पडला, त्यानंतर कंपनीने नवीन हॅमर ब्लॉक, म्हणजे घोडा रोखणारा अडसर, बसवला. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली, ते हातातून पडलं असं सांगण्यात आलं. म्हणजे नको तेव्हा उडण्याचा मक्ता काही पिस्तुलाकडे नाही. हे एकेका मॉडेलचं, त्याच्या आतल्या अडसराचं आणि त्याच्या झिजेचं प्रकरण आहे.

आणि "चूक माणसाचीच" म्हणणाऱ्यांनाही सांगायचंय. कधीकधी ते खरं निघतं, हे मान्य. वायोमिंगच्या त्या मृत्यूवरून हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने एम१८ वापरणं थांबवलं, जगभर बातमी झाली, आणि महिन्याभरात तपासाची दिशा बदलून एका सहकारी जवानालाच अटक झाली, खोटी माहिती दिल्याचा आरोपही त्यात होता. ज्यांनी पहिल्या दिवशी पिस्तुलाला फाशी दिली त्यांनी यातून धडा घ्यायला पाहिजे. पण त्या थांबलेल्या काळात कमांडने आपली हजारो एम१८ उघडून तपासली तेव्हा काहींत सेफ्टी, सीअर (चाप ओढेपर्यंत स्ट्रायकर रोखून धरणारा भाग), स्ट्रायकर हे भाग झिजलेले मिळाले आणि ती दुरुस्तीला गेली. "चूक माणसाचीच" म्हणून विषय संपवला असता तर ही झीज दिसली नसती, तपासल्यामुळे दिसली. २०२४ मध्ये अमेरिकेत दोन ज्युरींनी जखमी मालकांच्या बाजूने कंपनीविरुद्ध निकाल दिले, दुसरे काही खटले कंपनी जिंकली किंवा फेटाळले गेले, कंपनी आजही म्हणते चाप ओढल्याशिवाय हे उडतच नाही. तुम्ही-आम्ही इथे बसून याचा निकाल लावू शकत नाही, पण "माणसाची चूक" हे उत्तर पुरावा बघायच्या आधी देणं म्हणजे चौकशीच बंद करणं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलात मधेच बिघाड झाला, किमती मिनिटं गेली, दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली, आणि आपल्याच लोकांनी तिच्या मानसिकतेवर प्रवचनं दिली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन पदकं घेतली तेव्हा ती प्रवचनं देणारे कुठे होते?

माणसाची चूक जरी असली तरी ती एकट्या माणसाची असते का, हाही प्रश्न आहेच. वॉशिंग्टन शहराच्या पोलिसांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ग्लॉक घेतलं, ते उत्तम पिस्तूल, ऑस्ट्रियाच्या सैन्यात १९८२ पासून आणि नंतर जगभर सिद्ध झालेलं. पण त्याचा चाप रिव्हॉल्वरपेक्षा खूप हलका, बाहेरून वेगळी सेफ्टी नाही, आणि जड चापावर बोट ठेवायची सवय असलेल्या पोलिसांचं प्रशिक्षण मागे पडलं. पुढच्या दहा वर्षांत शंभरच्या वर गोळ्या चुकून सुटल्या. प्रत्येक वेळी बोट पोलिसाचंच होतं आणि पिस्तूल अगदी बरोबर चाललं होतं, तरी हा दोष एकेका पोलिसाचा म्हणून सोडून देता येतो का?

आपल्याकडे तर हा प्रश्न जास्त टोकदार आहे. लष्करात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं असलेलं इशापूरच्या सरकारी कारखान्याचं ९ एमएम पिस्तूल हे ब्राउनिंग हाय-पॉवरच्या रचनेवरचं, म्हणजे रचना जगात गाजलेली. पण रचना गाजलेली म्हणजे अमुक वर्षी अमुक लॉटमध्ये तयार झालेलं पिस्तूल भरवशाचं असं होत नाही, आणि त्या लॉटचा चाचणी अहवाल सामान्य माणसाला सोडा, ज्या हवालदाराच्या कमरेला ते लावलंय त्यालाही दाखवला जात नाही. २६/११ नंतरच्या राम प्रधान समितीने पोलिसांना सरावासाठी काडतुसं अपुरी मिळत असल्याचं नोंदवलं होतं. अडकलेलं पिस्तूल दोन सेकंदांत मोकळं करायचं कौशल्य वाचून येत नाही, ते गोळ्या झाडून, अडकवून, सोडवून येतं. आणि खासगी लायसन्सवाल्याची अवस्था तर त्याहून बिकट, अमेरिकेतला सल्ला असतो की नवीन पिस्तुलातून आधी दोन-पाचशे गोळ्या झाडा, जे काडतूस खिशात ठेवणार तेच वापरून बघा आणि मगच विश्वास ठेवा. इथे काडतुसांचा वर्षाचा कोटा मोजका, .३२ बोअरच्या एकेका काडतुसाची किंमत खिशाला चटका लावणारी, मग माणूस मॅगझिनभर गोळ्या झाडतो, त्या सुटल्या की पिस्तूल चांगलं म्हणतो, त्यातली एक अडकली की आयुष्यभर सेमी-ऑटोला शिव्या देतो. एवढ्यावरून काहीच कळत नसतं, ना बाजूने ना विरुद्ध.

म्हणून ज्याला स्वतः तपासता येत नाही त्याच्यासाठी बनवणाऱ्याने तपासून आकडे उघडे करायला पाहिजेत, मग तो सरकारी कारखाना असो की आता या धंद्यात उतरणाऱ्या खासगी कंपन्या. या मॉडेलची किती पिस्तुलं घेतली, प्रत्येकातून किती गोळ्या झाडल्या, कुठलं काडतूस होतं, किती वेळा अडकलं, त्यातलं जागेवर सुटणारं किती आणि मिस्त्रीकडे न्यावं लागणारं किती, किती उंचीवरून कुठल्या बाजूवर पाडून बघितलं, स्प्रिंग किती गोळ्यांनंतर बदलायची. एका पानात मावेल एवढी ही माहिती आहे, ती पिस्तुलाच्या डब्यात घाला आणि रिव्हॉल्वरच्या डब्यातही घाला. लष्करी गुपितं वगैरे कारण द्यायची सोय इथे नाही, लायसन्सवर दुकानात विकल्या जाणाऱ्या .३२ मध्ये कसलं गुपित? आणि ते पान मिळेपर्यंत एखादा म्हणाला की मला वर्षाला पंचवीस-तीसच गोळ्या झाडायला मिळतात म्हणून मी रिव्हॉल्वर घेतो, तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही, त्याचा निर्णय त्याच्या परिस्थितीत बरोबर आहे. फक्त त्याने ते पिस्तुलाच्या दोषाच्या नावावर खपवू नये, कारण कमतरता काडतुसांची आहे.